शिरूर-दौंडच्या थडग्यांचा वाली कोण?

प्रति,
मा. जिल्हाधिकारी,
पुणे

विषय : शिरूर व दौंड येथील जुन्या दफनभूमींची मालकी निश्चित करून त्यांच्या देखभालीची जबाबदारी सोपवण्याबाबत

महोदय,

शिरूरला, जुन्या छावणीच्या दफनभूमीत, कर्नल विल्यम वॉलेस याचं थडगं आहे. १८०९ सालच्या मे महिन्यात, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, तो इथेच वारला. १८८५मध्ये छापलेल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये त्याच्याबद्दल एक नोंद आहे. शिरूरची माणसं त्याला ‘सत्पुरुष’ म्हणत. ब्राह्मण आणि मारवाडी वगळता शिरूरचे आणि आजूबाजूच्या गावांचे सगळे हिंदू त्याच्या थडग्याची पूजा करत, आणि सुगी झाली की नव्या धान्याचा नैवेद्य आणून तिथे ठेवत. त्याला जाऊन तेव्हा पाऊणशे वर्षं उलटून गेली होती.

हा वॉलेस कोण होता, तेही सांगायला हवं. तो ७४व्या पायदळ पलटणीचा. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईच्या रणात शिंदे आणि भोसल्यांच्या फौजांविरुद्ध आर्थर वेलस्लीच्या हाताखाली तो एका ब्रिगेडचा प्रमुख होता. पुढे अडगाव झालं, गाविलगड झाला, १८०४मध्ये होळकरांचा चांदवड त्याने घेतला. ३१ डिसेंबर १८०२च्या वसईच्या तहाने पेशव्यांच्या गळ्यात जी तैनाती फौज बांधली गेली, तिचा तळ शिरूरला पडला आणि तिचं नेतृत्व वॉलेसकडे आलं. फौज इंग्रजांची, खर्च पेशव्यांचा, आणि तळ पुण्यापासून चाळीसेक मैलांवर. हे सगळं शिरूरच्या कुणब्याला, माळ्याला, कोष्ट्याला ठाऊक नव्हतं असं समजायचं कारण नाही. छावणीला धान्य, वैरण, दूध, सरपण पुरवणारी हीच माणसं होती. तरीही त्यांनी त्याच्या थडग्यापुढे नवं धान्य ठेवलं.

हे आठवण्याचं कारण असं की, शिरूर-दौंडच्या जुन्या दफनभूमींचा विषय निघाला की समोरून पहिलं वाक्य येतं, ‘ही परक्यांची थडगी, आपल्याला काय त्याचं?’ माझं म्हणणं याच्या उलट आहे. या जागा आपल्या गावाच्या आहेत आणि गावाने त्या एकेकाळी आपल्या मानल्याही होत्या. नंतर त्यांना कोणी वाली उरला नाही. म्हणून आपल्याकडे मागणं आहे ते हार-तुऱ्यांचं नाही, सुशोभीकरणाचंही नाही. या जमिनी कागदोपत्री कुणाच्या आहेत ते एकदा ठरवावं, हद्द मोजावी, आणि त्यांची जबाबदारी एका नावानिशी अधिकाऱ्याकडे द्यावी, एवढंच.

आपल्यालाच का लिहितो आहे? महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ आपण माझ्यापेक्षा जास्त जाणता. ज्या जमिनीला दुसरा कायदेशीर मालक नाही ती राज्याची, असं तिचं कलम २० सांगतं. दहनभूमी-दफनभूमीसारख्या कामांसाठी सरकारी जमीन राखून ठेवण्याची तरतूद कलम २२मध्ये आहे. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत दफन आणि दफनभूमी हा राज्यांचा विषय आहे. ७४व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत तो नगरपालिकांकडे सोपवण्याच्या विषयांत पुन्हा आला आहे. १९६५च्या नगरपरिषद कायद्यातही दहन-दफनाच्या जागांची व्यवस्था हे नगरपरिषदेचं कर्तव्य म्हणून लिहिलेलं आहे. म्हणजे कायद्यात पोकळी नाही. पोकळी आहे ती कायदा आणि ही विशिष्ट जमीन यांच्या मधल्या जागेत, आणि ती जागा आपल्या टेबलावरची आहे.

ही पोकळी झाली कशी, ते समजून घेण्यासारखं आहे, कारण यात कुण्या एकाला खलनायक ठरवता येत नाही. इंग्रज अमदानीत सरकारचं धर्मखातं होतं. पाद्र्यांचे पगार, चर्चची डागडुजी, दफनभूमीची भिंत, माळ्याचा पगार हे सगळं सरकारी तिजोरीतून चालायचं आणि बांधकाम खातं ते करायचं. छावणी हलली की पलटण गेली, पलटणीबरोबर चर्चची माणसं गेली, मागे दफनभूमी राहिली. १९४७नंतर धर्मखातं बंद झालं. जुन्या दफनभूमींचं काय करायचं, यावर दिल्ली आणि लंडनमध्ये पत्रव्यवहार झाला. वापरात असलेल्या जागा चर्चच्या विश्वस्तांकडे जाव्यात, आणि बंद पडलेल्या बहुतेक जागा हळूहळू निसर्गाच्या स्वाधीन व्हाव्यात, असं एकंदर धोरण ठरलं. ‘निसर्गाच्या स्वाधीन’ हे दिल्लीत बसून लिहायला बरं वाटलं असेल. शिरूर-दौंडच्या मातीत निसर्ग म्हणजे वेडी बाभूळ, घाणेरी आणि गाजरगवत. आणि निसर्गाच्या पाठोपाठ येतात ते कचऱ्याचे ट्रॅक्टर, उभ्या केलेल्या गाड्या, आणि मग एका रात्रीत उभी राहिलेली पत्र्याची टपरी.

पुढे २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं आणि अनेक पंथांची मालमत्ता एकत्र आली. विश्वस्त संस्था बदलल्या, पत्ते बदलले, नोंदी मात्र जुन्याच नावांवर राहिल्या. आज अशा एखाद्या जागेविषयी चर्चकडे विचारलं तर ‘ती छावणीची होती’ असं उत्तर येतं. महसुलाकडे विचारलं तर ‘ती चर्चची असेल’. नगरपालिका म्हणते, ‘आमच्याकडे वर्ग झालेली नाही’. पुरातत्त्व खातं म्हणतं, ‘संरक्षित यादीत नाही’. यातलं एकही उत्तर खोटं असेलच असं नाही. चारही खरी असू शकतात, म्हणून तर जागा उघड्यावर पडते.

पुरातत्त्वाच्या बाबतीत एक गैरसमज सार्वत्रिक आहे. शंभर वर्षं झाली की वास्तू आपोआप संरक्षित होते, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. १९५८चा केंद्राचा कायदा असो की १९६०चा महाराष्ट्राचा, संरक्षणासाठी अधिसूचना निघावी लागते. ती निघाली नाही तर दोनशे वर्षांचं थडगंही कायद्याच्या लेखी दगडांचा ढीगच. राज्याची ‘महाराष्ट्र वैभव’ योजना आहे, तिच्यात संस्थांना स्मारकं संगोपनासाठी घेता येतात. पण ती राज्य संरक्षित स्मारकांपुरती. खडकीच्या युद्ध दफनभूमीसारखी शिस्त इथे का नाही, असंही लोक विचारतात. खडकीला दुसऱ्या महायुद्धातल्या १,६६८ जणांची थडगी राष्ट्रकुल युद्ध स्मशान आयोग सांभाळतो. पण त्या आयोगाचं काम १९१४ ते १९२१ आणि १९३९ ते १९४७ या काळातल्या मृतांपुरतं आहे. १८०९ साली गेलेला माणूस, किंवा १८६० साली पटकीने दगावलेलं मूल, त्याच्या कक्षेत येत नाही. लंडनमधली एक स्वयंसेवी संस्था १९७०च्या दशकापासून दक्षिण आशियातल्या जुन्या युरोपीय दफनभूमींच्या दुरुस्तीला मदत करते. कोलकात्याच्या साउथ पार्क स्ट्रीट दफनभूमीचं पुनरुज्जीवन अशाच प्रयत्नांतून झालं. पण तिथेही आधी स्थानिक समिती उभी राहिली, मग बाहेरचा पैसा आला. मालक कोण हेच ठरलेलं नसलेल्या जागेसाठी कुणी धनादेश लिहीत नाही.

आता याच दोन तालुक्यांतल्या आणि शेजारच्या दुसऱ्या जागा पाहा. शिरूर तालुक्यात वढू बुद्रुकला छत्रपती संभाजी महाराजांची समाधी आहे. वर्षभर तिथे माणसांची रीघ असते आणि शासनाने तिच्या विकासाचा आराखडा हाती घेतला आहे. कोरेगावच्या लढाईचा स्तंभ भीमेपलीकडे पेरण्याला. १ जानेवारीला तिथे लाखोंनी लोक येतात. शिरूर तालुक्यातच पाबळला मस्तानीची कबर आहे. बाजीराव पेशव्यांनी पाबळ, केंदूर आणि लोणी ही गावं तिला इनाम दिली होती. २८ एप्रिल १७४० रोजी रावेरखेडीला बाजीराव गेले, आणि त्याच वर्षी मस्तानीही गेली. मधल्या काळात गुप्तधनाच्या आशेने ती कबर कुणीतरी खोदल्याच्या बातम्या आल्या होत्या. पण गाव पाठीशी उभं राहिलं आणि कबर पुन्हा उभी आहे. कुणी तिला समाधी म्हणतं, कुणी मजार, दिवा दोघंही लावतात. दौंड तालुक्यात केडगावला, मुक्ती मिशनच्या आवारात, पंडिता रमाबाईंची कबर आहे. ५ एप्रिल १९२२ला त्या गेल्या. त्यांची मुलगी मनोरमाबाई त्यांच्या आधी, १९२१ साली. दुष्काळातून आणि प्लेगच्या दिवसांत रमाबाईंनी गोळा करून आणलेल्या शेकडो मुली-बायका तिथे राहिल्या, शिकल्या, छापखान्यात टाइप जुळवू लागल्या. आल्या तेव्हा उपासमारीने इतक्या खंगलेल्या होत्या की त्यांतल्या कित्येक वाचल्या नाहीत. त्यांची माती त्याच आवारात आहे. मिशन चालू आहे म्हणून ती जागा राखलेली आहे.

म्हणजे शिरूर-दौंडच्या माणसाला समाधी जपता येत नाही, हा आरोप मला मान्य नाही. जिथे भक्ती आहे, संघटना आहे, संस्था आहे किंवा गाव पाठीशी आहे, तिथे जागा नीट राहते. छावणीच्या आणि रेल्वेवसाहतीच्या दफनभूमींना यातलं काहीच उरलेलं नाही. वंशज परदेशी गेले, पलटणी हलल्या, पंचक्रोशीतली भक्ती ओसरली. अशा वेळी सरकारने उभं राहायचं असतं. बेवारस मृतदेहाचे अंत्यसंस्कार पोलीस आणि नगरपालिका करतात, तेव्हा मयताची जात-धर्म-देश विचारत नाहीत. बेवारस कबरीचंही तसंच व्हायला हवं.

शिरूरच्या दफनभूमीत कोण आहेत, यावर जरा थांबायला हवं. फक्त कर्नल आणि कॅप्टन नाहीत. तैनाती फौज आली तेव्हापासून शिरूर ही पुढची कित्येक दशकं घोडदळाची छावणी होती. पूना हॉर्स या नावाने पुढे प्रसिद्ध झालेलं घोडदळ पेशव्यांबरोबरच्या १८१७च्या तहातून निघालं आणि बराच काळ इथे मुक्कामाला होतं. याच घोडदळाच्या परंपरेतल्या १७ हॉर्सचे लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर यांना १९६५मध्ये आणि सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांना १९७१मध्ये मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. शिरूरच्या शाळांत हे शिकवलं जायला हवं. अजून शिकवलं जात नसेल तर दफनभूमीच्या भिंतीवर एक फलक लावून सुरुवात करता येईल.

३१ डिसेंबर १८१७च्या रात्री कॅप्टन फ्रान्सिस स्टॉन्टन इथूनच निघाला. बरोबर मुंबई पायदळाची एक बटालियन, काही घोडदळ आणि मद्रास तोफखान्याच्या दोन तोफा. दुसऱ्या दिवशी कोरेगावात काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. त्यानंतरचं कमी सांगितलं जातं. जखमींना घेऊन ती तुकडी ३ जानेवारीला शिरूरला परतली. छावणीच्या रुग्णालयात त्यांतल्या काहींनी जीव सोडला. लेफ्टनंट पॅटिन्सन हा धिप्पाड अधिकारी जखमांनीच गेला. शिपायांची नावं पेरण्याच्या स्तंभावर कोरली गेली, आणि त्या स्तंभाला आज जी गर्दी होते ती त्या नावांसाठीच. त्या लढाईची सुरुवात आणि शेवट मात्र शिरूरच्या छावणीत झाला. १ जानेवारीला पेरण्याला येणाऱ्या माणसांपैकी शिरूरच्या या जागेची वाट किती जणांना ठाऊक असेल? एक साधा दिशादर्शक फलक पुरे आहे त्यासाठी.

पाठोपाठ १८१८मध्ये दख्खनमध्ये पटकी आली. बंगालात आदल्या वर्षी सुरू झालेली साथ छावण्यांच्या रस्त्यांनीच पसरत आली, आणि तिने गोरा-काळा पाहिला नाही. पुढची पन्नास-साठ वर्षं कोणत्याही छावणीच्या दफनभूमीत सर्वांत लहान थडग्यांची संख्या लक्षात येते. वय दहा महिने, वय तीन वर्षं, एकाच आईची दोन मुलं एकाच आठवड्यात. त्या आयांना कोणत्या फौजेचं कोणतं धोरण होतं याच्याशी काही देणंघेणं नव्हतं.

दौंडची गोष्ट वेगळी आहे. तिथे छावणी नाही, रेल्वे आहे. जी.आय.पी. रेल्वेची पुण्याहून सोलापूरच्या दिशेने निघालेली लाइन १८५८मध्ये भीमेच्या खोऱ्यात उतरली. १८७८मध्ये दौंड-मनमाड फाटा सुरू झाला आणि दौंड जंक्शन झालं. इंजिन ड्रायव्हर, फायरमन, गार्ड, लाइनवर काम करणारे मुकादम, त्यांच्या बायका-मुलांच्या वसाहती उभ्या राहिल्या. अँग्लो-इंडियन होते, गोव्याकडचे होते, मद्रासकडचे ख्रिस्ती होते. या गावाचं आजचं रूप त्यांच्या हातून घडलं. त्यांतले बरेच जण स्वातंत्र्यानंतर ऑस्ट्रेलियाला, इंग्लंडला गेले. ज्यांची माती इथे पडली ते इथेच राहिले. दौंडला प्रश्न आणखी एक आहे तो रेल्वेच्या हद्दीचा. जागा रेल्वेची, चर्चची की महसुलाची, याचं उत्तर मोजणीशिवाय मिळणार नाही, आणि रेल्वेबरोबरची संयुक्त मोजणी जिल्हाधिकारी कार्यालयाने पुढाकार घेतल्याशिवाय होत नाही.

‘पण हे राज्यकर्ते होते, लुटारू होते,’ असं म्हणणाऱ्यांना मी टाळत नाही. होते. तैनाती फौजेने मराठी राज्याचा गळा आवळला, हे खरं आहे आणि तेही त्याच दगडांवर लिहिलेलं आहे. थडगी मोडली तर तो इतिहास पुसला जात नाही. पुसला जातो त्याचा पुरावा. शिरूरसारखं गाव, ज्याचा बाजार आणि रस्ते छावणीभोवती वाढले, त्याच्या जन्माचा दाखला म्हणजे ही दफनभूमी. आणि मेल्यावर वैर संपतं, हे आपल्या मातीत कुणाला शिकवावं लागत नाही. ते शिकवावं लागलं असतं तर सुगीचं पहिलं धान्य घेऊन माणसं वॉलेसच्या थडग्याकडे गेली नसती.

देखभाल म्हणजे काय, हेही लिहून ठेवतो. कारण चांगल्या हेतूने केलेल्या दुरुस्तीने जितकी थडगी गेली, तितकी बाभळीने गेली नसतील.

जुनी थडगी बहुधा विटांच्या किंवा दगडाच्या चौथऱ्यावर, चुन्यात बांधलेली असतात. वरून चुन्याचा गिलावा, समोर संगमरवरी पाटी किंवा घडीव काळ्या दगडावर कोरलेली अक्षरं. काही पाट्यांची अक्षरं शिसं ओतून भरलेली असत. ते शिसं लोकांनी उकरून नेलेलं असतं, मग अक्षरांच्या जागी नुसते बारीक खाचे राहतात. असा लेख दुपारच्या उन्हात वाचता येत नाही. सकाळी किंवा संध्याकाळी, ऊन आडवं पडतं तेव्हा, स्वच्छ पाण्याने पाटी ओली करायची आणि आरशाने बाजूने उजेड टाकायचा. मिनिटभरात अक्षरं उभी राहतात. नाव, पलटण, तारीख, कधी गावाचं नाव जुन्या इंग्रजी धाटणीत लिहिलेलं. फोटो काढायचा तो त्याच वेळी. तारेच्या ब्रशने घासायचं नाही, अ‍ॅसिड लावायचं नाही, खाचांत काळा ऑइलपेंट भरायचा नाही. संगमरवरावर अ‍ॅसिड गेलं की वरचा थर विरघळतो आणि लेख कायमचा जातो.

चौथऱ्याच्या फटीत पिंपळाचं किंवा उंबराचं रोप उगवलं की ते हाताने उपटायचा मोह होतो. मुळं आत विटांना धरून बसलेली असतात. रोपाबरोबर निम्मा कोपरा हातात येतो. रोप बुंध्याशी कापायचं, मुळं मारायची, वाळू द्यायची आणि मग फट चुन्याने भरायची. सिमेंटने नाही. सिमेंटचा गिलावा पाण्याला बाहेर येऊ देत नाही, आतला चुना आणि विटा भुसभुशीत होतात, आणि दोन-चार पावसाळ्यांत सिमेंटचं कवच तेवढं उरतं. चुना मळणारे गवंडी आपल्या जिल्ह्यात अजून आहेत. वाड्यांच्या आणि देवळांच्या दुरुस्तीवर ते कामं करतात. त्यांना काम मिळेल ते वेगळंच.

आणि सगळ्यांत घातक म्हणजे सुशोभीकरणाची निविदा. तिच्यात पेव्हर ब्लॉक असतात, दिव्यांचे खांब असतात, प्रवेशद्वारावर मान्यवरांची नावं असतात. थडग्याबद्दल एक ओळ नसते. ठेकेदार आधी जमीन सपाट करतो, आणि लहान मुलांची लहान थडगी सगळ्यांत आधी सपाट होतात. जिल्हा वार्षिक योजनेतून काही रक्कम मंजूर करणार असाल तर आधी यादी, मग मोजणी, मग चुन्याचं काम, असा क्रम आदेशातच लिहावा.

आता नेमकं काय करावं, ते सांगतो. तहसीलदारांकडून आणि भूमी अभिलेखच्या उप अधीक्षकांकडून दोन्ही गावांतल्या जुन्या दफनभूमींचे सातबारे आणि मिळकत पत्रिका मागवाव्यात, ‘इतर हक्क’ रकान्यासकट, आणि जुने फेरफार तपासावेत. मालक सापडला तर त्याला कळवून जबाबदारी लेखी घ्यावी. सापडला नाही तर कलम २०प्रमाणे चौकशी करून जागा राज्याची ठरवावी आणि दफनभूमी म्हणूनच राखून ठेवावी. हद्दीचे दगड रोवावेत. पुणे-अहिल्यानगर रस्त्यालगत आणि रांजणगाव, कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतींच्या आसपास गुंठ्याचे भाव काय झाले आहेत ते आपण जाणताच. हद्द नसलेली सरकारी जागा तिथे फार दिवस मोकळी राहत नाही, आणि एकदा अतिक्रमण झालं की ते उठवायला वर्षं जातात. भारतीय न्याय संहितेच्या ३०१व्या कलमाखाली दफनभूमीत शिरून विटंबना करणं गुन्हा आहे, हे फलकावर मराठीत लिहावं.

वॉलेसच्या थडग्याची पाहणी पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाने करावी आणि ते राज्य संरक्षित करता येईल का, याचा अहवाल द्यावा. एखाद्या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या थडग्याला दख्खनच्या शेतकऱ्यांनी नैवेद्य वाहिल्याची सरकारी छापील नोंद सहजी सापडत नाही. ते स्मारक फक्त त्या माणसाचं नाही, ती पूजा करणाऱ्या शेतकऱ्यांचंही आहे.

थडग्यांच्या यादीसाठी सरकारी पैसा फारसा लागणार नाही. मुंबई इलाख्यातल्या युरोपीयांच्या दफनाच्या नोंदवह्या लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत आणि त्यांतला मोठा भाग आता संगणकावर पाहता येतो. इथल्या दगडावरचं नाव आणि तिथल्या वहीतलं नाव जुळवणं हे शिरूर, दौंडच्या महाविद्यालयांतल्या इतिहासाच्या विद्यार्थ्यांचं काम होऊ शकतं. त्यांना प्रकल्प हवेच असतात. कुणाच्या पणजोबांचं थडगं सापडलं तर मेलबर्नहून कुणी पाहायला येईल, कदाचित भिंतीसाठी मदतही करेल.

एक गोष्ट या विषयाला चिकटून आहे म्हणून लिहितो. दफन फक्त ख्रिस्ती आणि मुसलमान करतात, असं नाही. लिंगायत करतात, गोसावी आणि नाथपंथी करतात, अनेक भटक्या जमाती करतात, आणि लहान मूल गेलं तर बहुतेक हिंदू घरांतही त्याला पुरतातच. यांतल्या कित्येकांना आजही गावात मूठमातीला जागा मिळवण्यासाठी भांडावं लागतं. जुन्या दफनभूमीची मोजणी सुरू कराल तेव्हा याही जागांची नोंद त्याच नकाशावर येऊ द्यावी. ज्या समाजाची जागा नोंदलेली नाही, तिची उद्या हीच गत होणार आहे.

हे काम पावसाळ्याआधी सुरू झालं तर बरं. पाऊस पडला की गवत कमरेइतकं वाढतं, दगड झाकले जातात आणि मोजणीवाल्यांना जमीन दिसत नाही. जानेवारी ते मे हा काळ योग्य. मोजणीची नोटीस निघाली की आम्ही काही गावकरी, शिक्षक आणि निवृत्त रेल्वे कर्मचारी सोबत यायला तयार आहोत. झुडपं तोडायला कोयते आमचे, पाट्या धुवायला पाणी आमचं. आपल्या कार्यालयाने मोजणीची तारीख तेवढी कळवावी.

आपला,
शिरूर तालुक्यातील एक रहिवासी

प्रत माहितीसाठी :
मुख्याधिकारी, शिरूर नगरपरिषद
मुख्याधिकारी, दौंड नगरपरिषद
संचालक, पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय, महाराष्ट्र राज्य